मोहाविषयी, तुझ्या पत्राच्या उत्तरादाखल

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

प्रार्थनेला बसलो की नको ते विचार मनात येतात, तेव्हा आपली श्रद्धा मुळातच खोटी असली पाहिजे, असे तू लिहिले आहेस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या विचारांची मला तितकी काळजी वाटत नाही, जितकी त्यांवरून तू काढलेल्या निष्कर्षाची वाटते.

जॉन बनियन या इंग्रज धर्मोपदेशकाने तुरुंगात असताना लिहिलेले आणि 1666 मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन मी तुझ्याच वयात वाचले. ख्रिस्ताला आपलासा मानल्यानंतर सुमारे वर्षभर 'त्याला विकून टाक, विकून टाक' हा एकच विचार त्याचा पिच्छा सोडत नव्हता, असे त्यात तो सांगतो. जेवताना, खाली पडलेली टाचणी उचलायला वाकताना, लाकूड फोडताना, कशाकडे नुसते पाहतानाही तो विचार येई. विकायचे कशासाठी, तर त्या टाचणीसाठी! ज्याला ख्रिस्ताची पर्वा नाही, त्याला असला विचार छळणार तरी कशाला? प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' असे आपण म्हणतो, तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ परीक्षा आणि मोह असा दोन्ही होतो, हे कळल्यापासून ती ओळ मी सावकाश म्हणते.

अरण्यात सैतान येशूला मोहात पाडू पाहतो, तो प्रसंग तुला पाठ आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील दुसरा मोह पुन्हा एकदा वाच. मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतान येशूला खाली उडी टाकायला सांगतो आणि देवदूत तुला हातांवर झेलतील असे सांगणारे 91वे स्तोत्र आधाराला देतो. म्हणजे मोह तिथे देवाचे वचन तोंडात घेऊनच आला आहे. हे मला कळले ते माझ्या स्वतःच्या एका चुकीमुळे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तू लहान असताना एका उपासनेत एका आजारी बाईसाठी प्रार्थना करण्याची पाळी माझ्यावर आली. मध्येच माझा आवाज दाटून आला, तो खराच दाटला होता. पण त्याच क्षणी सभागृहात पसरलेली शांतता मला जाणवली, ती मला आवडली, आणि पुढची दोन वाक्ये मी त्या शांततेसाठी म्हटली. त्या बाईचा चेहरा तोवर माझ्या मनातून गेला होता. घरी आल्यावर कितीतरी वेळ मी दिवा न लावता बसून होते. 'मला पावित्र्य दे, पण इतक्यात नको' अशी आपली तरुणपणची प्रार्थना ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती संताने देवासमोर जशीच्या तशी मांडली, त्या धैर्याची किंमत मला त्या रात्री समजली.

बनियनच्याच 1678 च्या यात्रेकरूच्या कथेत दोन सोबती खडबडीत वाट सोडून शेजारच्या मऊ कुरणातून चालू लागतात आणि निराशा नावाच्या राक्षसाच्या हाती सापडतात. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत ते संशयाच्या किल्ल्यातील अंधारकोठडीत अन्नपाण्यावाचून पडून राहतात. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थनेला लागतात, आणि पहाट होण्याच्या सुमारास त्यांतल्या एकाला आठवते की अभिवचन नावाची किल्ली आपल्या उराशीच आहे. कोठडीत शिरला तेव्हाही ती त्याच्याजवळच होती. बाहेरच्या लोखंडी दाराचे कुलूप फार जड गेले, हे सांगायला बनियन विसरत नाही, म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो.

वाटेवर परत आल्यावर ते दोघे पहिली गोष्ट कोणती करतात, तर जिथून आपण चुकलो तिथे मागून येणाऱ्यांसाठी इशारा कोरलेला एक खांब उभारतात. माझ्या त्या प्रार्थनेची हकिगत तुला लिहिली, ती त्याचसाठी.

तुझी,
आई