शेवटच्या नळाला क्लोरीन किती?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका छोट्या गावात राहते, गाव म्हणायचं पण नगरपालिका आहे. पत्र नळाच्या पाण्याबद्दल आहे. पावसाळ्यात पाणी लाल आलं की आमच्याकडं लगेच बोंबाबोंब होते, बादलीचे फोटो ग्रुपवर पडतात, कोणतरी नगरसेवकाला फोन लावतं, मग पाणी निवळलं की विषय संपला. पण यंदा आमच्या गल्लीत कावीळ आली ती लाल पाण्याच्या दिवसात नाही आली, चांगलं नितळ पाणी येत होतं तेव्हा आली. दिसायला स्वच्छ म्हणजे प्यायला चांगलं ही जी आपल्या सगळ्यांची समजूत आहे ना तिच्यामुळंच आपण फसतोय असं मला वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी एका घरात, मग पलीकडच्या घरात, मग कोपऱ्यावरच्या कॉलेजच्या पोराला असं होत गेलं. सुरुवातीला कोणी गळ्यात माळ घातली, कोणी नाकात औषध सोडून घेऊन आलं, बाहेरचं खाल्लं असेल म्हणून वडापावच्या गाड्यालाही नावं ठेवून झाली. शेवटी गल्लीतल्या बायका मिळून नगरपालिकेच्या ऑफिसात गेल्या तेव्हा माणसं आली, पाण्याचा नमुना घेऊन गेली, आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला की पाणी पिण्यायोग्य आहे. झालं, सगळे गप्प. रिपोर्टच आलाय म्हटल्यावर बायका तरी पुढं काय बोलणार.

त्या रिपोर्टला मी खोटं म्हणत नाही, त्या दिवशीचं पाणी खरंच चांगलं असेल. पण हिपॅटायटिस ए ची कावीळ जंतू पोटात गेल्यापासून बाहेर दिसायला साधारण १५ ते ५० दिवस लागतात, आणि हिपॅटायटिस ई ला २ ते १० आठवडे. म्हणजे आज ज्याचे डोळे पिवळे झालेत त्यानं ते खराब पाणी महिन्याभरापूर्वी कधीतरी पिलेलं असणार, आणि आपण बाटली भरून नेतोय आजच्या पाण्याची. मधल्या काळात गळकी पाईप कोणी जोडली असेल, ओरड झाली म्हणून टाकीत जंतू मारायची पावडर जास्त टाकली असेल, गटार वाहून मोकळं झालं असेल. मग आजचा नमुना पास झाला म्हणून महिन्यापूर्वीचं पाणी पण पास होतं असं कसं म्हणता येईल? शिवाय नेहमीच्या तपासणीत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतनं येणारा जंतू, बघतात, १०० मिली पाण्यात तो एकही सापडता कामा नये असा नियम आहे, पण काविळीचा विषाणू त्या तपासणीत बघतच नाहीत. आणि नमुना कुठनं घेतला तर टाकीखालच्या नळाचा. आमची गल्ली लाईनच्या अगदी शेवटाला, टाकीपासनं आमच्यापर्यंत पाणी येतं तेवढ्यात त्याचं काय काय होतं हे त्या बाटलीत कुठं दिसणार.

ते काय होतं हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडं पाणी चोवीस तास नसतं, दिवसातनं तासभर, कुठं दिवसाआड. पाणी चालू असतं तोवर पाईपमध्ये प्रेशर असतं, त्यामुळं फट असली तरी आतलं पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. व्हॉल्वमननं चावी बंद केली की उलटं सुरू होतं. पाईप रिकामी होत जाते, आत ओढ तयार होते, आणि जिथं जॉइंट सैल आहे किंवा घरगुती कनेक्शनची जुनी लोखंडी नळी गंजून भोक पडलंय तिथनं आजूबाजूचं पाणी आत शिरतं. आजूबाजूचं म्हणजे कुठलं? आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला गटार आहे आणि निम्म्याच्या वर घरांची नळकनेक्शनं त्या गटारातनंच गेलीत, कोणीही येऊन बघावं. म्हणजे रोज पाणी बंद झालं की गटारात बुडालेली ती नळी थोडं थोडं गटाराचं पाणी आत घेते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली धार ती असते. ती दिसायला लाल नसते, कारण एवढ्या पाण्यात ते चमचा-दोन चमचे मिसळून गेलेले असतात.

त्यात आता मोटारी. प्रेशर कमी आहे म्हणून जवळजवळ प्रत्येकानं नळाला थेट मोटर लावलीय, पाणी सुटायच्या आधीच बटण दाबून बसतात. मोटर ओढायला लागली की पाणी चालू असताना पण लाईनमध्ये ओढ तयार होते, म्हणजे उरलंसुरलं संरक्षण पण गेलं, आणि ज्याच्याकडं मोटर नाही त्याच्या नळाला करंगळीएवढी धार. मला शेजाऱ्यांशी भांडायचं नाही, प्रेशरनं पाणी आलं असतं तर मोटर कोणी हौसेनं लावली नसती. पण एका घरानं ओढलेली घाण अख्ख्या गल्लीच्या पाण्यात येते हे लोकांना कोणी बसवून सांगितलंच नाही हो. नोटीस येते ती दंडाची येते, त्यामागचं कारण कोणी लिहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की क्लोरीन टाकीवर मोजून उपयोग नाही, शेवटच्या नळाला मोजा. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला कमीत कमी ०.२ मिलीग्रॅम पाहिजे असं म्हटलंय, आणि साथ चालू असेल तर ते अजून वाढवून ०.५ च्या आसपास ठेवतात. त्यातला शिल्लक हा शब्द महत्त्वाचा. टाकीत क्लोरीन टाकलं, अर्धा तास थांबलं, जंतू मेले, तरी पुढं वाटेत घाण मिळाली तर तिला मारायला थोडं क्लोरीन पाण्यात उरलेलं पाहिजे. वाटेत जेवढी घाण आत येते तेवढं ते खर्च होतं. म्हणजे टाकीवर ०.५ आणि आमच्या नळाला शून्य आलं तर मधे कुठंतरी गटार आत शिरतंय असा संशय घ्यायला तेवढं पुरे, आणि हे त्याच दिवशी, त्याच सकाळी कळतं, डोळे पिवळे व्हायची वाट बघावी लागत नाही. लाईनवर दोन-तीन ठिकाणी मोजत आलं तर क्लोरीन कुठं गायब झालं त्यावरनं कुठं खणायचं ते पण समजतं.

आणि हे मोजायला काय लागतं? लॅब लागत नाही. ओटी टेस्ट म्हणतात ती, छोटी डबी असते, क्लोरोस्कोप म्हणतात तिला. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, जेवढा गडद तेवढं जास्त, शेजारच्या पट्टीशी रंग जुळवला की आकडा मिळाला. आशाताई, आरोग्य सेवक यांना हे सगळं येतं. फक्त थेंब टाकल्या टाकल्या लगेच रंग बघायचा, उशिरा बघितलं तर आकडा फुगतो, एवढी काळजी घ्यायची. आणि सकाळी पाणी सुटल्यावर मोजायचं, घरातल्या टाकीत साठवलेल्या पाण्याचं नाही.

आमच्या शेजारच्या खेडेगावात बघते तर तिथं निदान पद्धत तरी ठरलेली आहे. ग्रामपंचायतीला जलसुरक्षक असतो, टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, किती टाकायची ते त्याच्याकडं असतं, आणि वर्षातनं दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, विहीर, बोअर अशा पाण्याच्या सगळ्या उद्भवांचं सर्वेक्षण होऊन गावाला लाल, पिवळं, नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालं की गावात चर्चा होते, सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. नगरपालिका झाली की आम्ही शहर झालो, पण लाल-हिरवं कार्ड काही आमच्या दारात आलेलं मी पाहिलं नाही. पावडरीचं पण एक आहे, ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३० ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं पण पोतं उघडं राहिलं, दमट गोडाऊनमध्ये पडलं की ते उडून जातं, मग रजिस्टरला किलोचा हिशोब बरोबर दिसतो आणि पाण्यात नुसता चुना पडतो. पोत्यावरची तारीख कोण बघतं?

यावर लोकांनी आपापला मार्ग काढलाय तो म्हणजे जार. वीस लिटरचा गार पाण्याचा जार, लग्नकार्यात पण तोच, दुकानात पण तोच. सीलबंद बाटलीच्या पाण्याचं निदान वेगळं मानक आहे, पण हा थंड केलेला उघडा जार कोण तपासतं, कधी तपासतं, तो धुतात कशानं, काही लिहिलेलं नसतं. आणि आरओ विकायला येणारे टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात आणि घाबरवतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५०० पर्यंत असेल तर मानकाप्रमाणे काही अडचण नाही, आणि त्या मीटरला जंतू अजिबात दिसत नाहीत. टीडीएस दीडशे आणि पाण्यात कावीळ असं खुशाल असू शकतं. काहीजण तर पाण्यात वायर सोडून ते तपकिरी करून दाखवतात, ती त्या लोखंडी सळईचीच घाण असते, पाण्यातली नाही. माझा आरओला विरोध नाही, बोअरचं खारं पाणी असेल तिथं तो लागतोच, पण नदीच्या पाण्यासाठी एक लिटरमागं दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणारं मशीन प्रत्येक घरानं घ्यायचं आणि पाईप मात्र गटारातच ठेवायची, हे काही बरोबर नाही. आणि ज्यांना जार परवडत नाही, भाड्याच्या खोलीत राहणारी ऊसतोडीची, बांधकामाची माणसं, ती तर नळाचंच पितात.

नदीचा विषय मोठा आहे, त्यात फार शिरत नाही. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते, धोमच्या धरणातनं वाईवरनं येते, कराडला कोयना मिळते, तिथनं खाली आपल्याकडं. वाटेतलं प्रत्येक गाव वरच्या अंगाला पाणी उचलायची विहीर, म्हणजे जॅकवेल, बांधतं आणि खालच्या अंगाला सांडपाणी सोडतं, आणि एकाचा खालचा अंग तो पुढच्या गावाचा वरचा अंग असतो. सांगलीचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याबद्दल तर तुमच्याच पेपरात वर्षानुवर्षं वाचतोय. २०१९ ला आणि २०२१ ला पूर आला तेव्हा गटार, नदी, पाईप सगळं एकच झालं होतं. नदी साफ व्हायला पाहिजेच पण ते आमच्या एका गावाच्या हातात नाही, शेवटच्या नळाचं क्लोरीन आहे.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद जाणाऱ्या आजाराचे, पेशंट निघाले तेव्हा अख्खं राज्य पाण्याबद्दल बोलायला लागलं, आमच्या ग्रुपवर पण रोज फॉरवर्ड यायचे. नंतर सगळं थंड झालं. मोठ्या शहरात काही झालं तर टीव्ही येतो, आमच्या गल्लीतल्या काविळीला कोण येणार. पण एक गोष्ट मला फार लागून राहिलीय. हिपॅटायटिस ई बाकीच्यांना बहुतेक वेळा महिना दीड महिना झोपवून सोडतो, पण गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार-पाच जणींतली एक, संपादक साहेब. आमच्या गल्लीत आज दोघीजणी दिवस गेलेल्या आहेत. त्यांना मी सांगून आलेय की पाणी चांगलं खळखळून उकळल्याशिवाय प्यायचं नाही, नुसतं कोमट करून नाही, आणि उकळलेल्या पाण्यात हात घालून तांब्या बुडवायचा नाही, ओगराळं वापरायचं. पण गॅस सिलेंडरचा भाव बघता किती घरं रोज पिण्याचं सगळं पाणी उकळतील?

आमच्या ऑफिसला आम्ही लेखी मागितलंय की ज्या दिवशी पाणी सुटेल त्या दिवशी प्रत्येक टाकीच्या लाईनवरच्या शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन मोजा आणि आकडा बाहेरच्या फळ्यावर लिहा, आणि वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे, त्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कोणी मागायच्या आधी आपणहून द्यायची असते, ३० दिवस वाट बघायला लावायची नसते. आणि गटारातनं गेलेली कनेक्शनं आधी गटाराच्या वर उचलून घ्या, रस्ते नंतर करा, कारण काँक्रीट झालं की परत कोणी खणू देत नाही. जोवर हे होत नाही तोवर मोटारी बंद करा म्हणून सांगायला आम्ही बायकाच घरोघरी फिरायला तयार आहोत, पण पाण्याला थोडं प्रेशर द्या, नाहीतर आम्ही कोणत्या तोंडानं सांगणार.

तुमच्याकडं एक विनंती आहे. पावसाळ्यात तुम्ही रोज कोयनेत किती टीएमसी पाणी झालं, सांगलीच्या आयर्विन पुलाला नदीची पातळी किती फुटावर गेली हे पहिल्या पानावर देता आणि आम्ही चहाच्या आधी ते बघतो. तसाच जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचा शेवटच्या नळाचा क्लोरीनचा आकडा द्यायला सुरुवात करा, दोन ओळींची जागा लागेल. ज्या गावानं आकडा पाठवला नाही त्याच्यापुढं ‘आकडा मिळाला नाही’ एवढं छापा. आमच्या गल्लीतला नळ तुमच्या वार्ताहराला दाखवायला मी कधीही यायला तयार आहे, सकाळी सहा ते सात पाणी असतं.

आपली,
लाईनच्या शेवटच्या गल्लीतली एक वाचक,
कृष्णाकाठ, जि. सांगली