जिथे ठेवले आहे तिथेच

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे पत्र मिळाले आणि त्याच्या शेवटी आईने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळीही वाचल्या. विनंती बदलीचा अर्ज करून मी नगरकडे परत यावे, आणि ते जमत नसेल तर सरकारी नोकरी सोडून एखाद्या मिशन रुग्णालयात रुजू व्हावे, म्हणजे निदान आपल्या विश्वासाप्रमाणे मोकळेपणाने काम करता येईल, असे तुम्हां दोघांचे म्हणणे आहे. फोनवर या विषयाला नीट उत्तर देता आले नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मिशन रुग्णालयांबद्दल तुमच्या मनात जो आदर आहे, तोच माझ्याही मनात आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि त्यानंतरच्या काळात, परक्याची मलमूत्रे काढण्याचे काम घरंदाज बायकांनी करू नये असे मानले जात असताना, आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधील कितीतरी मुली परिचारिका झाल्या. मी त्यांच्याच वाटेने आले आहे. परंतु श्रद्धेने काम करायचे तर ते मिशनच्या आवारातच होऊ शकते, हे मात्र मला पटत नाही. पवित्र शास्त्रातही मला तसे दिसत नाही.

इथे सातपुड्याच्या सरकारी रुग्णालयात आल्यापासून मी पवित्र शास्त्रातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील अडतिसावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला आहे. सरदारांनी यिर्मयाला दोरांनी विहिरीत सोडले, तिच्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता आणि त्यात तो रुतला. त्याला बाहेर काढणारा माणूस कोणी संदेष्टा नव्हता, याजकही नव्हता. तो एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, राजवाड्यातला एक परदेशी नोकर होता. ज्या सिद्कीया राजाने यिर्मयाला सरदारांच्या हाती सोपवले, त्याच राजाच्या पदरी तो चाकरी करत होता, आणि राजा बन्यामीन वेशीत बसलेला असताना त्याने जाऊन स्पष्ट सांगितले की या माणसांनी केले ते वाईट केले. मग त्याने तीस माणसे बरोबर घेतली, कोठारातून जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे आणले, आणि दोर काचू नयेत म्हणून ते काखेत घालायला यिर्मयाला सांगितले. आई, परिचारिका म्हणून त्या चिंध्यांपाशी मी दर वेळी थांबते. जीव वाचवण्याची घाई असतानाही समोरच्याला इजा होऊ नये याची काळजी त्या माणसाला होती.

पुढच्या अध्यायात त्याच्यासाठी परमेश्वराचा खास निरोप येतो. ज्या लोकांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती तू सापडणार नाहीस, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास, असा त्या निरोपाचा आशय आहे. याचा अर्थ एबद-मलेखाला भीती वाटत होती आणि देवाला ते ठाऊक होते. धैर्य आधी अंगात यावे आणि मग आपण पाऊल उचलावे, असा क्रम तिथे दिसत नाही. भीती जागच्या जागी होती, आणि ती असतानाच तो वेशीपर्यंत चालत गेला. शिवाय तो राजवाड्यात होता म्हणूनच राजापर्यंत पोहोचू शकला. मंदिरात सेवा करणाऱ्या एखाद्याला ते साधले असते असे मला वाटत नाही.

हे मी केवळ मनन म्हणून लिहीत नाही. बाळंतीण विभागात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा रक्तदाब मोजून लिहायचा असतो. पूर्वी मी ज्या ठिकाणी होते तिथे गर्दीच्या दिवशी सगळ्यांच्या कागदावर न मोजताच १२०/८० लिहून टाकण्याची पद्धत पडली होती, आणि मीही तसेच करावे असे मला सांगण्यात आले. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर बाईकडे तातडीने लक्ष द्यावे लागते. तो तसाच वाढत राहिला तर तिला झटके येऊ शकतात आणि आई व बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. वेळेत कळले तर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन तिला मोठ्या रुग्णालयात पाठवता येते. खोट्या आकड्यामुळे हा मार्गच बंद होतो. जो आकडा मी मोजलेला नाही तो मी लिहिणार नाही, एवढेच मी सांगितले, आणि ते सांगताना माझा आवाज कापत होता. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कोणी धड बोलत नव्हते आणि रात्रपाळ्या माझ्याच वाट्याला अधिक येत होत्या. तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही एवढेच असावे, हे डोंगरावरील प्रवचनातले वचन बाबांनी लहानपणी आमच्याकडून पाठ करून घेतले होते. त्या वचनाचा प्रसंग मंडळीत नव्हे, रक्तदाबाच्या तक्त्यावर येईल याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

आता सातपुड्यात परिस्थिती वेगळी आहे. इथल्या परिचारिका मनापासून काम करतात, पण दूरच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायका पावरी किंवा भिली बोलतात आणि त्यांचे म्हणणे समजून घ्यायला सवड कोणालाच नसते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुली सांधेदुखीने कळवळत येतात, आणि ही नेहमीचीच आहे असे म्हणून त्यांना बाजूला बसवले जाण्याचा धोका असतो. त्यांच्या वेदनेवर विश्वास ठेवणे आणि त्यांच्यासाठी डॉक्टरांना पुन्हा एकदा उठवणे, यालाही धैर्य लागते, कारण आपल्यामुळे कोणी चिडावे असे कोणालाच वाटत नाही.

आईने विचारले आहे की मी रुग्णांना प्रभूविषयी सांगते का. कामाच्या वेळेत मी तो विषय स्वतःहून काढत नाही. जो अंथरुणाला खिळलेला आहे आणि औषधासाठी माझ्यावर अवलंबून आहे, त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही, आणि अशा माणसापुढे आपला विश्वास मांडणे मला योग्य वाटत नाही. कोणी आपणहून विचारले तर मी ख्रिस्ती आहे हे लपवत नाही, आणि प्रार्थना करशील का असे म्हणाले तर करते. प्रत्येक पाळीला निघण्यापूर्वी विभागातील एकेका खाटेसाठी मी खोलीवर प्रार्थना करून निघते. ती कोणाला दिसण्याची गरज नाही.

पंडिता रमाबाईंविषयी बाबांनी आम्हांला खूप सांगितले आहे. केडगावची जमीन त्यांनी फळबागेच्या उत्पन्नावर शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेला हातभार लागावा म्हणून घेतली होती. तिथे मुक्ती मिशन हे शेकडो निराधार मुलींचे घर उभे राहील, हा तेव्हाचा बेत नव्हता. १८९६ चा दुष्काळ पडला. दुष्काळातली उपासमार तरुणपणी स्वतः भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. त्या वेळी प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली. ते सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते आणि मदतीचे हात परदेशी मंडळ्यांचे होते, तरीही त्या गप्प बसल्या नाहीत. मुक्ती मिशनच्या कार्याइतकेच ते एक पत्र मला मोलाचे वाटते, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये त्याविषयी अधिक बोलले जावे असेही वाटते.

म्हणून या वर्षी मी बदलीचा अर्ज करणार नाही. तुमच्यापासून दूर राहण्याचे दुःख मला आहे, आणि तुमच्या वयाचा विचार माझ्या मनात रोज येतो; दादा आणि वहिनी जवळ आहेत म्हणूनच हा निर्णय घेणे मला शक्य होत आहे. माझ्या सुरक्षिततेसाठी तुम्ही प्रार्थना करता हे मला ठाऊक आहे. तिच्यात एवढी भर घाला की खरे बोलण्याची वेळ येईल तेव्हा मला ते रागाने नव्हे, प्रेमाने बोलता यावे, कारण रागाने बोलणे मला सोपे जाते. माझ्याबरोबर पाळी करणाऱ्या नव्या मुलींसाठीही प्रार्थना करा. त्या घर सोडून पहिल्यांदाच इतक्या दूर आल्या आहेत.

बाबा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की लगेच कळवा. रजेचा अर्ज मी त्याच दिवशी देईन आणि पट्टी निघेपर्यंत घरी राहीन. आई, तू गुडघ्यांसाठी सांगितलेला व्यायाम सोडू नकोस, आणि रविवारी उपासनेला चालत जाऊ नकोस.

तुमची,
मुलगी