पोर्चचे टेकू काढले, पाळकसाहेब

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

मंगळवारी चर्चच्या पोर्चच्या स्लॅबखालचे टेकू काढले. मिस्त्री पाचरी ठोकून एकेक बल्ली मोकळी करत होता, तेव्हा तुमची आठवण आली. तुम्हाला पत्र लिहायचं कधीचं राहून गेलंय, हेही आठवलं. उघडपणे लिहितोय, कारण तेव्हा माझं काय चाललं होतं ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मला त्यातून बाहेर कुणी काढलं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

एप्रिल 2021. पप्पांचा ऑक्सिजन 88 वर आला आणि त्यांना होते तिथून हलवायचं मी ठरवलं. धाकटा भाऊ नको म्हणत होता. मी पडलो बांधकामाचा इंजिनिअर, हिशेबाचा माणूस. बेड, अंतर, अँब्युलन्सला लागणारा वेळ, सगळं कागदावर मांडलं आणि हलवलं. तिसऱ्या दिवशी पप्पा गेले. पुढे आठ महिने मी एका वहीत तोच हिशेब परत परत मांडत होतो. सकाळी नेलं असतं तर? नेलंच नसतं तर? भावाशी बोलणं बंद, झोप बंद.

घरी येणारा प्रत्येकजण ‘देवाची इच्छा’ म्हणून चहा पिऊन जायचा. तुम्ही ते कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही साइटवर यायचात, उपड्या घमेल्यावर बसायचात, काठी मांडीवर आडवी. एकदा वही मागून घेतलीत आणि तासभर वाचलीत, पहिल्या पानापासून. मला वाटलं, आता माझी चूक तरी दाखवतील. तुम्ही विचारलंत, “यात तुझ्याशिवाय कुणीच काही करताना दिसत नाही. देवसुद्धा नाही. एवढं सगळं तूच चालवत होतास का रे?”

राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मग बायबलमधलं नीतिसूत्रे 3:5 काढलंत. ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं वचन. मला ते नेहमी अडाण्यांची सोय वाटायचं. तुम्ही सांगितलंत, इब्री भाषेत इथे जो शब्द आहे, तो अंगाचा भार टाकून टेकण्याचा. गिलबोवा डोंगरावर इस्राएलचा शौल राजा हरलेल्या लढाईत भाल्यावर टेकून उभा होता, तिथेही तोच. (ती हकिगत सांगणारा अमालेकी टोळीतला तरुण खरं बोलत होता की नाही, यावरही तुम्ही अर्धा तास घालवलात, मिस्त्री खोळंबला होता.) “भाला वाईट नव्हता,” तुम्ही म्हणालात, “पण त्या दिवशी त्याच्याकडे टेकायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.” आणि लगेच एक पान मागे गेलात. नीतिसूत्रांच्याच दुसऱ्या अध्यायात तीच बुद्धी हाक मारून मागायला सांगितली आहे. म्हणजे बुद्धी फेकून द्यायची नाही, फक्त सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही.

हे मला पटलं ते माझ्या धंद्यामुळे. स्लॅब टेकूंवर भरतात, पण टेकू म्हणजे घर नव्हे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, टेकू नियमाने किमान 7 दिवस ठेवायचे, त्यापुढे 14. भरवसा आहे म्हणून तिसऱ्या दिवशी काढायला गेलात तर स्लॅब डोक्यात येईल, आणि भीती वाटते म्हणून जन्मभर ठेवलेत तर त्या पोर्चखाली गाडी लागायची नाही. माझे आठ महिने झाले होते.

त्या रात्री वही मिटली. प्रार्थना फार मोठी नव्हती. ‘हे मला कळत नाही, तुझ्याकडे ठेवतो,’ एवढीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. असं कित्येक दिवस चाललं. नाताळच्या आदल्या दिवशी भावाला फोन केला. पप्पा वाचले असते का, ते मला आजही माहीत नाही. पण आता रात्री दोन वाजता उठून मी तो हिशेब करत नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर पोर्चमध्येच जेवण आहे. भाऊही येतोय. तुम्हाला न्यायला साडेआठला गाडी घेऊन येतो. आणि हो, त्या पावसात साइटवर विसरलेली तुमची छत्री अजून माझ्याकडेच आहे. एक काडी मोडली होती, ती बसवून घेतली आहे.

तुमचा,
साइटवरचा इंजिनिअर