वकिलाकडे जायचे ते पहिल्या सहीआधी

संपादक महोदय,

रस्ते अपघातांच्या बातम्या रोज छापून येतात. जखमी किती, मृत किती, वाहतूक किती वेळ खोळंबली, सगळे त्यात असते. त्या घराला पुढे भरपाई मिळाली का, आणि मिळाली तर हक्काच्या निम्मीच का मिळाली, हे मात्र सहसा कुठे येत नाही. आम्ही जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. आमच्याकडे लोक येतात ते बहुधा दवाखान्याचे बिल भागवून किंवा दहावे-तेरावे उरकून, आणि तोवर दोन-चार कागदांवर सह्या करून. या सह्याच पुढे महाग पडतात.

प्रत्येक अपघातात वकील लागतोच असे नाही, हे आधी सांगून टाकतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळू शकतात. त्यासाठी वकील नको. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडतच नसेल, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख आणि जबर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा, सोबत गुन्ह्याची प्रथम खबर, दवाखान्याचे किंवा शवविच्छेदनाचे कागद, ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक जोडायचे. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिनाभरात गाडीचा तपास लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनीच नातेवाइकांना द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. या अर्जासाठी कोणी दहा-वीस हजार मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

किरकोळ दुखापत आणि चार-सहा हजारांचे बिल असेल तरीही वकिलाची फार गरज नाही. हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, महिनाभराहून अधिक काम बुडाले, अपंगत्व राहण्याची शक्यता असली किंवा माणूस गेला, तर मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत वकिलाशी बोलावे. दावा लगेच ठोकायचा म्हणून नव्हे. पहिल्या पंधरवड्यात जे कागद तयार होतात, त्यांवरच पुढचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो.

त्यातला पहिला कागद दवाखान्यातल्या केसपेपरचा. अपघात विभागात डॉक्टर विचारतात, काय झाले? पोलिसांचे लचांड नको म्हणून, किंवा गडबडीत, सोबतचा माणूस सांगून टाकतो, ‘गाडी घसरून पडला.’ तेच लिहिले जाते. चार महिन्यांनी ट्रकविरुद्ध दावा लागला की विमा कंपनीचा वकील नेमकी हीच ओळ पुढे करतो. म्हणून कोणत्या वाहनाने, कुठे, कशी धडक दिली हे तिथेच नीट सांगावे, नोंद चुकली असेल तर लगेच डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा यांची प्रतही लवकर घ्यावी. कोणती गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभी होती यावरून जखमीच्या माथी २५ टक्के निष्काळजीपणा मारला गेला, तर भरपाईतूनही तेवढेच टक्के जातात. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवावे म्हणून तपासी अंमलदाराला अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, एवढे काम वकील पहिल्या भेटीत करून देऊ शकतो.

दुसरा कागद पोलीस ठाण्याच्या आवारात होतो. गाडीमालक भला वाटतो, वीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि ‘आपसात मिटले, तक्रार नाही’ असा जबाब लिहून घेतो. गुन्हा नोंद होत नाही. गाडीचा नंबर कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही. मग पायात रॉड टाकायचे दोन लाख होतात, तेव्हा त्या गाडीने अपघात केला हे सिद्ध कशाने करणार? मालकाशी वैर धरायचे कारण नाही, गाडीचा विमा असेल तर पैसे विमा कंपनीच देणार असते. एवढे कळले तरी निम्म्या तडजोडी होणार नाहीत.

तिसरा कागद सगळ्यांत धोक्याचा, विमा कंपनीकडून ठरीव रक्कम स्वीकारल्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. कलम १६६ खाली चूक सिद्ध करावी लागते, पण रकमेला मर्यादा नाही. विमा कंपनीमार्फत कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, तसे कायद्यातच लिहिलेले आहे. अडीच लाख लगेच हातात पडतात, घर अडचणीत असते, सही होते. कुठे ती सही शहाणपणाची असते (स्वतःचीच चूक असेल तर नक्कीच), कुठे घर बुडवणारी. हा हिशेब दाव्यांत मुरलेल्या माणसाकडून करून घ्यावा.

तो कसा होतो ते पाहा. बत्तीस वर्षांचा गवंडी, महिना १८ हजार कमाई, पायाला अपंगत्व. वर्षाचे २,१६,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवायचे, झाले ३,०२,४००. वयानुसार ठरलेला गुणक (जितक्या पटीने वर्षाची कमाई धरतात तो आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व असेल तर त्याचे १९,३५,३६०. पण गवंड्याला परांचीवर चढता येत नसेल तर त्याची कमाई चाळीसच टक्के घटली असे कसे म्हणायचे? अपंगत्वाचा कामावर काय परिणाम झाला ते पाहा, नुसता वैद्यकीय टक्का नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्याच्या निकालात सांगितले आहे. हा परिणाम साठ टक्के धरला गेला तर रक्कम २९,०३,०४० होते. उलट कमाईचा पुरावाच नाही म्हणून न्यायाधिकरणाने (हे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने) महिना १२ हजार धरले आणि टक्का चाळीसच राहिला, तर १२,९०,२४०. माणूस तोच, पाय तोच, फरक सोळा लाखांचा. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदनांची भरपाई यात धरलेलीच नाही.

फरक पडतो तो पुराव्याने. गवंड्याने ठेकेदाराची हजेरीवही आणि त्याची साक्ष आणावी, बँकेत जमा होणारी मजुरी दाखवावी. शेतकऱ्यांचे दावे इथे हमखास लंगडे पडतात. नुसता सातबारा जोडला की समोरचा वकील म्हणतो, जमीन तर घरातच आहे, नुकसान काय झाले? कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीतल्या पट्ट्या, दूध संस्थेची पावती यांवरून तो माणूस स्वतः काय राबत होता ते दाखवावे लागते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाचीही किंमत न्यायालये धरतात, ‘ती कमावत नव्हती’ म्हणून दावा सोडू नये. अपघातानंतर भरलेल्या आयकर विवरणाकडे संशयानेच पाहिले जाते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपचार पूर्ण झाल्यावर घ्यावे आणि टक्का त्या अवयवापुरता आहे की पूर्ण शरीराचा, हे वाचून घ्यावे. प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला आला नाही तर त्या कागदाची किंमत घसरते. मेडिक्लेमला मूळ बिले देण्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतला उपचारखर्च कापता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. तरीही ‘दोनदा पैसे मिळत नाहीत’ हे वाक्य ऐकून गप्प बसणारे भेटतातच.

मुदतीबद्दल मोठा गैरसमज आहे. पूर्वी या दाव्याला कालमर्यादा नव्हती, १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तो अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर बसू नये. शिवाय व्याज मिळते ते दावा दाखल झाल्यापासून, आधीचे नाही. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, असा नियम आहे आणि तो अहवालच अर्ज समजण्याची तरतूदही आहे. तो खरोखर पोहोचला का, हे न्यायालयात जाऊन विचारावे. अपघात बेळगावजवळ झाला तरी दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो.

काही वेळा वकील तुम्हाला ‘दावा होत नाही’ असेही सांगेल, आणि ते खरे असेल. स्वतःची दुचाकी स्वतः चालवताना घसरली तर १६६ चा दावा नाही. पॉलिसीत मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आणि हातात वैध लायसन्स असेल तर त्याचा क्लेम करायचा. विमा नुसता ‘थर्ड पार्टी’ असेल तर त्याच दुचाकीवर मागे बसलेल्यालाही त्या पॉलिसीतून काही मिळणे कठीण. मात्र दोन गाड्यांच्या धडकेत दोन्ही चालक चुकले असतील, तर मागे बसलेला माणूस कोणत्याही एका गाडीकडून पूर्ण भरपाई मागू शकतो.

आता आमच्याच व्यवसायाबद्दल. अतिदक्षता विभागाबाहेर कोरे वकीलपत्र घेऊन येणारा आणि ‘आधी काही देऊ नका, निकालातले पंचवीस टक्के द्या’ म्हणणारा माणूस वकील असेल तर नियम मोडतो आहे, आणि नसेल तर दलाल आहे. वकिलाने कामासाठी माणसे गाठणे आणि निकालाच्या रकमेत वाटा ठरवणे, दोन्हीला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी आकड्यात ठरवा, पावती मागा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर सही नको. न्यायाधिकरणाला तुमचाच खातेक्रमांक द्या, पासबुक घरात ठेवा. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर वर दाखवला तसा हिशेब आधी कागदावर मांडून घ्या, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते, वादाची रक्कम एक लाखापेक्षा कमी नसेल तर.

फी परवडत नाही म्हणून थांबू नये. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा.

आपले,
मोटार अपघात दाव्यांत काम करणारे काही वकील, सातारा