गेमचीही समीक्षा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, तेव्हापासून आपल्या दैनिकात या विषयावर भरपूर छापून आले. पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आली हे चांगलेच झाले. त्या पैशांपायी घरे बसलेली मी पाहिली आहेत. पण या साऱ्या लेखनात रमीचे ॲप आणि चार-पाच वर्षे खपून केलेला कथाप्रधान गेम एकाच पोत्यात भरले गेले. खुद्द कायद्याने पैशांचे खेळ वेगळे काढले आहेत. आपण का नाही काढत?

मी सांगलीत हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. राज्य नाट्य स्पर्धेतल्या प्रयोगावर आपल्या वार्ताहराने चार ओळी लिहिल्या तरी संघ ते कात्रण जपून ठेवतो. ‘दुसऱ्या अंकात चेहरे अंधारात गेले’ असे त्यात असेल, तर पुढच्या प्रयोगाला मी स्पॉट हलवतो. टीका छापून येते म्हणून काम सुधारते. गेम करणाऱ्यांच्या वाट्याला मराठीतून हे येत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. कसरतीचे खेळ करणारी एक मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू आणि तिची वाटचाल वरून पाहत बोलणारे दुर्गा आणि विष्णू. झरोके, जिने, भिंतींवरची चित्रे यांतून फिरताना मी कितीदा तरी नुसता थांबून पाहत राहिलो. मधली कथा छायाबाहुल्यांतून सांगितली आहे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या मी पडद्यामागे बसून पाहिल्या आहेत. पुण्यातली मुले त्या वाटेने विचार करतात याचा मला अतिशय आनंद झाला. पण लढाईत कॅमेरा इतका दूर राहतो की चार असुर एकदम आले की राजी कुठे आहे तेच कळत नाही. त्याच त्या चाली पुन्हा पुन्हा येतात. शेवट तर कापल्यासारखा आहे: गोष्ट आता कुठे उघडते म्हणावे, तर पडदा पडतो. आणि पहिल्या आवृत्तीत हे देव इंग्रजीत बोलतात, ते कानाला सतत खटकते. एवढे सविस्तर, मराठीत, पुण्याच्या गेमबद्दल कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉलने एप्रिल २०२५ मध्ये ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३’ आणला आणि वर्षअखेर ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम ठरला. दूरवर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसे विरून जातात. सुरुवातीला एक बाई पाकळ्या होऊन उडून जाते. त्या प्रवेशातला मावळता उजेड मला रंगमंचावर आजवर साधलेला नाही. लढाई पाळीपाळीने होते, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवावा लागतो, तबलजीने समेवर यावे तसा. तिसऱ्या अंकात मात्र घडी विस्कटते. आडवाटेच्या जागा हिंडून आलो की आपली मंडळी इतकी बलवान झालेली असतात, की शेवटची लढत चार फटक्यांत आटोपते. एवढे मोठे दुःख उभे केल्यावर ही ढिलाई मला मान्य नाही.

‘बलाट्रो’ हा फेब्रुवारी २०२४ चा पत्त्यांचा गेम एकट्या कॅनेडियन माणसाने रचला. पोकरच्या जुळण्या करायच्या, गुण मिळवायचे आणि १५० जोकरांतून हाती लागतील त्यांनी नियमच बदलायचे. त्यात एक पैसाही लावता येत नाही. तरी युरोपच्या वयोमानांकन संस्थेने, पेगीने, त्यावर १८ वर्षांचा शिक्का मारला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलानंतर तो १२ वर आला. त्याच काळात, पैसे मोजून, आत कोण निघेल हे न कळता, खेळाडूंची बंद पाकिटे फोडायला लावणाऱ्या फुटबॉलच्या गेमवर शिक्का होता ३ वर्षांचा! पालकांना हे वृत्तपत्राने नाही सांगायचे, तर कोणी? बलाट्रोचा खरा दोष वेगळाच आहे. अवघड पातळ्यांवर हुशारीपेक्षा गेममधल्या दुकानात कोणते जोकर निघतात यावर सगळे ठरते, आणि एक डाव संपला की लगेच दुसरा मांडावासा वाटतो.

टोरांटोत तयार झालेला ‘वेंबा’ (२०२३) दीडेक तासात संपतो. कॅनडात गेलेले तमिळ कुटुंब, आईचे फाटके पाककृतींचे वहीवजा पुस्तक आणि इडलीपात्राच्या ताटल्या भोके जुळणार नाहीत अशा कशा रचायच्या, याचे कोडे. घरी सगळ्यांनी मिळून खेळावा असा. वर्षे फार भराभर उलटतात, मुलगा दुरावतो ते पुरते पाहायलाच मिळत नाही, ही माझी तक्रार.

आमच्या संघात नेपथ्य करणारा एक मुलगा आता पुण्यात गेमसाठी त्रिमितीय नेपथ्य शिकतो. त्याच्या आईला वाटते, तो मोबाइलच्या नादी लागला. तिच्या हातात ठेवायला माझ्याजवळ मराठीत छापलेला एकही लेख नाही.

रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान द्या. लिहिणाऱ्याने गेम शेवटपर्यंत खेळलेला असावा. किंमत किती, कोणत्या यंत्रावर चालतो, किती तासांचा, कोणत्या वयाला योग्य आणि विकत घेतल्यावर आत पुन्हा पैसे मागतो का, हे चौकटीत असावे. पहिला लेख ‘राजी’वर असू द्या. वर्षे उलटली असली तरी चालेल. आणि तो कडक असू द्या.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली