बोनच्या दवाखान्यातले पडदे

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

काल दादाने दिजाँहून आगगाडीने इथल्याच, फ्रान्समधल्या बोनला नेलं. गाव एवढंसं, पण तिथला धर्मार्थ दवाखाना १४४३ सालचा! बर्गंडीच्या ड्यूकचा दिवाण निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी काढलेला. लढाया आणि दुष्काळ यांनी लोक देशोधडीला लागले होते, तेव्हा. पहिला रोगी १ जानेवारी १४५२ला आला आणि त्या वास्तूत दवाखाना चालला थेट १९७१पर्यंत.

चौकातली रंगीत कौलं सगळेच बघतात. मी अडकले ती वॉर्डात. पन्नासेक मीटर लांब दालन, दोन्ही भिंतींना लाकडी पलंग आणि लाल पडदे. सुरुवातीला एकेका पलंगावर दोघं निजायची म्हणे. बाकीचे हळहळले, मला मात्र हसू आलं. माझ्या नोकरीत कॉटवर दोघं आणि खाली सतरंजीवर तिसरा, हे रोजचंच होतं. पडदा मात्र मागूनही मिळाला नाही. इथे पडदा ओढला की रोग्याचा आडोसा, सारला की दालनाच्या टोकाला देवघर. पडल्यापडल्या प्रार्थना ऐकायची. सणावारी तिथलं रोखिर व्हान डर वायडेन या चित्रकाराचं, ख्रिस्ती कल्पनेतल्या अंतिम न्यायाचं चित्र उघडायचे, नरकासकट. आजारी माणसाला हे कशाला दाखवायचं? मला नाही पटलं.

फरशांवर 'एकमेव' अशा अर्थाचा शब्द आणि तारा आहे, तो म्हणे गिगोनसाठी. ती तिसरी बायको, बरं का! पण नवऱ्यामागे तिनेच इथलं पाहिलं आणि १४७०मध्ये गेल्यावर तिला पुरलंही इथेच.

औषधांच्या खोलीत एका बरणीवर दादाने नाव वाचलं: कुचल्याची पूड! आपला काजरा गं. आजोबा त्याच्या विषारी बियांना आम्हाला हातही लावू द्यायचे नाहीत, आठवतं?

खर्च भागतो द्राक्षमळ्यांवर. लोकांनी दान दिलेले साठेक हेक्टर मळे आहेत. १८५९पासून दर नोव्हेंबरात तिथल्या वाइनचा लिलाव होतो आणि पैसा, आता दुसऱ्या इमारतीत चालणाऱ्या, दवाखान्याला जातो. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "दारूवर दवाखाना? उलटंच ऐकलं होतं."

तुमच्या वॉर्डात एकच घडीचा पडदा सगळ्यांत फिरवता म्हणालीस, त्याचं पुढे काय झालं? इथल्या पलंगांना दांडी कशी बसवलीय, त्याचे फोटो काढलेत. दादा रात्री पाठवेल.

तुझी,
आई