लाल ठिपका दिसला, पुढे काय?

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणावर लेख येतात, पण गाडी एआय आणि डेटापुढे सरकत नाही. इंजिनियरिंग मेकॅनिक्सचं, म्हणजे भाराखाली वस्तू कशी वागते या शास्त्राचं, नाव निघालंच, तर ‘स्कोप काय?’ एवढ्यावर विषय मिटतो. या नावाने नोकरीच्या जाहिराती फारशा निघत नाहीत, हे खरं. नोकरी असते ‘स्ट्रेस अ‍ॅनालिस्ट’, ‘सीएई (कॉम्प्युटरवरचं विश्लेषण) इंजिनियर’, ‘ड्युरेबिलिटी इंजिनियर’ या नावांनी. विमानाचा पंख, टायर, कृत्रिम खुबा, चिपचं पॅकेजिंग. कुठे आणि कधी तुटेल, हे सगळीकडे कुणीतरी आधी सांगावंच लागतं.

मी याच कामात आहे, नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो. बायोडेटात सॉफ्टवेअरची रांग असतेच. मी कागदावर एक रुंद पट्टी काढतो, मधोमध छोटं गोल भोक, दोन्ही टोकांना ओढ. भोकाच्या काठावर जास्तीत जास्त स्ट्रेस (आतला ताण) किती? भोकापासून दूरच्या स्ट्रेसच्या तिप्पट, जर्मन अभियंता कीर्शने १८९८ मध्येच सांगून ठेवलंय. बरेच जण इथेच अडखळतात. मग विचारतो, आतला कोपरा अगदी धारदार असेल तर? मेश (कॉम्प्युटरवर पार्टचे पाडलेले छोटे तुकडे) जितकी बारीक कराल तितका तिथला आकडा चढत जातो, कारण रेषीय इलॅस्टिसिटीच्या (जितका ताण तितकंच ताणलं जाणं, असं धरणाऱ्या) गणितात तो अनंतच आहे. स्क्रीनवर जास्त स्ट्रेसचा लाल ठिपका दिसताच ‘पार्ट फेल’ म्हणणारे खूप. ‘प्रत्यक्षात फिलेट (कोपऱ्याची गोलाई) किती आहे? मटेरियल यील्ड होईल, म्हणजे कायमचं वाकेल का?’ असं उलट विचारणारा उमेदवार मला हवा असतो.

हा काही पंतोजीचा हट्ट नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइपनर ए या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळीच बुडाला. ढोबळ मेशमुळे भिंतींमधला शिअर (कापू पाहणारा ताण) सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला होता. सॉफ्टवेअर नावाजलेलंच होतं.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी वाचा. कंटिन्युअम मेकॅनिक्स, प्लॅस्टिसिटी, फ्रॅक्चर, व्हायब्रेशन नसतील आणि नुसत्या सॉफ्टवेअर लॅब असतील, तर फी वाचवा. बटणं कंपनीत शिकता येतात. प्रबंधात एखादा तरी प्रयोग असावा, स्वतः चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा (पार्ट किती ताणला गेला ते मोजणाऱ्या पट्टीचा). सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा कमी असू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि पीएचडी? संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल तरच. डिझाइन ऑफिससाठी मास्टर्स पुरते.

– एक स्ट्रेस इंजिनियर